घोंगडीखालची जमीन

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. गोड बोलून गळा कापणारी माणसं तेव्हाही होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एका गावात एक कोष्टी आणि त्याची बायको राहत होती. कोष्टी जमिनीत खड्डा खणायचा, त्यात पाय सोडून बसायचा आणि मागावर लुगडी विणायचा. पण माग असायचा दुसऱ्याच्या पडवीत. मालकाची मर्जी फिरली की खड्डा बुजवायचा आणि नवी पडवी शोधायची. असे सात खड्डे त्यानं खणले होते. आपल्या घरात आपला खड्डा असावा, एवढंच दोघांना हवं होतं. त्यासाठी बायकोनं बारा वर्षं सणालासुद्धा नवं लुगडं नेसलं नाही.

शेजारच्या गावात एका धान्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या घराला लागून असलेलं दुसरं घर विकायला काढलं. कोष्टी ते बघायला गेला. सोबत गावातला म्हातारा पाणाड्या होता, जमिनीखालचं पाणी ओळखणारा.

त्या गावात एक रीत होती. घर बघायला आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, आणि गूळ खाल्लेल्यानं मग घरात खोट काढायची नाही. ही रीत कुणी पाडली ते देव जाणे. विकणाऱ्यानंच पाडली असणार.

घर चुन्यानं पांढरं केलेलं होतं, दारात रांगोळी होती. कोपऱ्यात जाड घोंगडी अंथरली होती आणि व्यापाऱ्यानं पाहुण्यांना नेमकं तिथंच बसवलं. म्हाताऱ्यानं बसल्या बसल्या भिंतीच्या पायथ्याला हात लावला.

"गूळ खाऊ नकोस अजून," तो कोष्ट्याला म्हणाला. "भर उन्हाळ्यात भिंत गार लागतेय. घोंगडी उचलून हातभर खणून बघू दे मला."

व्यापारी हसला. "बाबा, पाहुण्यांच्या बुडाखालची घोंगडी कुणी उचलतं का? माझ्यावर एवढा अविश्वास?"

कोष्टी शरमला. "राहू दे बाबा," तो म्हणाला. "बरं दिसत नाही." आणि त्यानं गूळ तोंडात टाकला.

बरं दिसत नाही. या तीन शब्दांनी जेवढी घरं बुडवली तेवढी पुरानंही बुडवली नसतील. आणि हे कुणी म्हणावं? जो माणूस सूत घेताना प्रत्येक लड उजेडात धरून बघायचा त्यानं.

बारा वर्षांची पुंजी देऊन दोघं राहायला आली. कोष्ट्यानं हौसेनं खड्डा खणला. गुडघाभर खोलीवर पाणी लागलं. त्यानं ते उपसलं, सकाळी खड्डा पुन्हा भरलेला. दुसऱ्या कोपऱ्यात खणलं, तिथंही तेच. तरी तो महिनाभर पाण्यात पाय सोडून विणत राहिला. पायांना चिखल्या झाल्या, मागाच्या पायाखालच्या लाकडी पावड्या फुगल्या, ताण्याच्या सुताला बुरशी धरली.

तो व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी म्हणाला, "कोष्टीबुवा, गूळ खाल्लात ना? माझ्या घराखाली पाणी नाही. तुमचाच माठ फुटला असेल." पंचांसमोरही त्यानं तेच शपथेवर सांगितलं. पंचांनी माना डोलावल्या. गूळ खाल्ला म्हणजे विषय संपला.

बाहेर पडताना एक शेजारी हळूच म्हणाला, "तिथं झरा आहे हो, माझ्या आज्याच्या वेळेपासून. पण आम्हाला कुणी विचारलं कुठं?"

तेव्हा सोबत आलेली कोष्ट्याची बायको मागे वळली. "सगळ्या गावाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "सामान उतरवायला तुम्हीच हात लावलात. तेव्हा मूग गिळून बसलात आणि आता कानात सांगता?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही. माझं ठिगळ दिसलं तुम्हाला बारा वर्षं. एक घोंगडी उचलायची लाज वाटली?"

कोष्टी घरी गेला आणि माग सोडवायला लागला.

घर सोडताना ती व्यापाऱ्याच्या दारात थांबली. "खड्ड्यांनी झऱ्याला तोंड फुटलंय, आम्ही रोज पाणी उपसत होतो. आता कुणी उपसणार नाही. मधली भिंत तुमचीही आहे. खणून बघा."

पण व्यापारी खणणार कसा? पाणी नाही म्हणून शपथ घेऊन बसला होता. खणलं तर गाव बघणार. तो मुकाट्यानं बसला आणि पाणी भिंतीत चढत गेलं. चार महिन्यांनी भिंत त्याच्या धान्याच्या कोठारावर पडली. आतलं धान्य भिजून कुजलं. गावभर घाण सुटली, तेव्हा शेजाऱ्यापासून पंचांपर्यंत सगळ्यांनी नाकाला पदर आणि उपरणी लावली.

तुम्ही म्हणाल, बरी अद्दल घडली. घडली, पण त्यानं कोष्ट्याला काय मिळालं? तो परत परक्याच्या पडवीत गेला आणि परक्याच्या जागेतला आठवा खड्डा त्यानं खणला. बायको अजून ठिगळाचंच लुगडं नेसते. मला राग येतो तो याचा.

त्या गावात आता आधी पाणाड्या येतो, घोंगडी उचलतो, जमीन खणतो आणि मगच गूळ फुटतो. कोष्ट्याचं घर गेल्यावर सुचलेलं हे शहाणपण.

बोध: भीड ही भिकेची बहीण, घर घेताना आधी जमीन खणून बघावी, मग गूळ खावा.