शेवटच्या पुंजक्यात बसलेला सोमिल

फार पूर्वी शृंगपुरात भद्रसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका गवत कापणाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. राजाच्या घोड्यांसाठी राखलेल्या मोठ्या कुरणात तो कापणाऱ्यांचा म्होरक्या झाला.

दर पावसाळ्यात दूरदेशाहून गवत्या नावाची चिमुकली पाखरे या कुरणात येत. नर हवेत उंच चढून गात गात खाली उतरे, मादी गवताच्या बुडाशी घरटे करी. पिल्ले टोळांवर पोसली जात आणि पंखांत बळ आले की सगळा थवा आल्या वाटेने परते. सोमिलच्या आजोबांच्या काळी म्हणे या गाण्याने कान किटत. आता गाणारे नर उरले होते सात. वाटेत कुणी जाळी लावत असेल, असे लोक म्हणत. दोष परमुलखावर ढकलला की आपली झोप मोडत नाही.

कापणी भाद्रपदी पौर्णिमेला होई. कापणारे कुरणाला प्रदक्षिणा घालत कडेकडेने आत सरकत, आणि शेवटी मधोमध एक पुंजका उरे. त्यातून पाखरे भुर्रकन उडाली की कुरणाची देवी उठली म्हणून सगळे हात जोडत, पुंजका एका दमात कापून राजाच्या घोड्यापुढे टाकत. घोड्याने तो खाल्ल्याशिवाय राजाची लढाईची मोहीम निघत नसे.

गेल्या वर्षी तो भारा उचलताना सोमिलच्या हाताला काही ओले लागले. ते कापलेल्या पिल्लांचे रक्त होते. उडाली होती ती आईबाप पाखरे. न उडणारी पिल्ले विळ्यांपुढे पळत पळत मध्ये येऊन दडली होती, कारण भ्यायलेले पिल्लू जमिनीला चिकटून बसते. ज्या हातांनी आपण देवीला नमस्कार करतो त्याच हातांनी वर्षानुवर्षे हे करत आलो, याची सोमिलला भयंकर लाज वाटली. त्याने सोबत्यांना सांगितले. कुणाला ते पटले नाही.

यंदा त्याने पिल्ले उडू लागेपर्यंत बारा दिवसांची मुदत मागितली आणि ते जमत नसेल तर कापणी मधून सुरू करून कडेला नेऊ द्या, म्हणजे पिल्लांना पळायला वाट राहील, असे विनवले. घोड्यांचा अधिकारी पोट धरून हसला. राजाचा मुहूर्त काय चिमण्यांना विचारून काढायचा, असे म्हणून त्याने सोमिलला वाटेला लावले.

पौर्णिमेला विळे चालू लागले तेव्हा सोमिल आपला विळा बांधावर ठेवून कुरणाच्या मधोमध जाऊन बसला. फेर आवळत गेला. दुपारपर्यंत त्याच्या भोवती गवतात पिल्लेच पिल्ले झाली. एक तर त्याच्या अंगठ्याला टेकून बसले. पुंजक्याशी आलेल्या कापणाऱ्यांनी वाकून पाहिले आणि त्यांचे हात थांबले. खोळंबा का झाला म्हणून राजा स्वतः घोड्यावरून आला.

"ऊठ," राजा म्हणाला, "नाहीतर विळे तुझ्यावरूनही फिरतील."

"फिरू द्या, महाराज. पण आधी खाली उतरून बघा. घोड्यावरून हे दिसत नाही."

"गवत कापणाऱ्याने राजाला शिकवायचे?"

"गवतातले गवत कापणाऱ्यालाच ठाऊक असते. बारा दिवसांत यांना उडता येईल. तोवर मी हलणार नाही."

राजा उतरला नाही. त्याने कापण्याचा हुकूम सोडला. तेव्हा सगळ्यांत म्हातारी कापणारी रेवका पुढे आली, विळा जमिनीवर ठेवून त्याच्यावर पाय देऊन उभी राहिली. एकेक करून सगळ्यांनी तसेच केले. एवढ्या माणसांना कापून गवत मिळवणे राजालाही शोभले नसते. सोमिलला हद्दपार करून तो परतला आणि मोहीम पुंजक्यावाचूनच निघाली.

त्या पुंजक्याला बारा दिवस कुणी शिवले नाही. पिल्ले उडाली तेव्हाच सोमिल उठला आणि हद्दीबाहेर गेला. पुढच्या वर्षापासून रेवकाने कापणी मधूनच सुरू केली. हद्दीबाहेरच्या टेकडीवर उभे राहून सोमिलने कान देऊन नर मोजले. अकरा भरले.

वर्षावासात, म्हणजे भिक्खूंनी फिरायचे नसते त्या पावसाळ्याच्या महिन्यांत, एका जागी राहायचा कंटाळा येऊन ओले गवत आणि त्यातले जीव तुडवीत निघालेल्या, वाटेत एका वृद्ध उपासिकेने अडवलेल्या एका भिक्खूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "घोड्यावरून न उतरलेला राजा म्हणजे तू. रेवका म्हणजे आज तुला वाटेत अडवणारी ही वृद्ध उपासिका. आणि पुंजक्यातून न उठलेला सोमिल तो मी."

सोमिलच्या त्या न उठण्यालाच अधिष्ठान पारमिता, म्हणजे अढळ निश्चयाची परिपूर्णता, म्हणतात.