बारा घोडे आणि पन्नास हातगाड्या

"बारा म्हणजे बारा! एक घोडा कमी झाला तर याद राखा!" राजा प्रचंडरायाने सिंहासनावर मूठ आपटली आणि हयनगरचा दरबार हादरला.

भानगड अशी होती, की हयनगरच्या सरकारी कारखान्यात गर्जनरथ बनत. एका रथाला बारा घोडे! रथ निघाला की तीन गल्ल्यांतली तान्ही पोरं दचकून रडायला लागत आणि रथाचा मालक खूश होई. वर्षाला रथ बनत फक्त दहा. सरदार मंडळी त्यासाठी दोन-दोन वर्षं ताटकळत, आणि ताटकळल्याचीच फुशारकी मारत! बरं, एवढे घोडे जुंपून जायचं कुठे? तर घरापासून देवळापर्यंत. चालत गेलं तर माणूस आधी पोचेल. पण ते असो.

तर बादशहाचं फर्मान आलं. रानात गवत उरलं नाही, म्हणून यापुढे कुठल्याही कारखान्यातून मुद्रा मारून वर्षभरात जितकी वाहनं बाहेर पडतील, त्यांना सरासरी दोनच घोडे असावेत. जास्त भरले तर कारखान्याला टाळं!

"फर्मान मोडायचं नाही," राजा गरजला, "पण पणजोबांच्या काळापासून बारा घोडे आहेत, ते बाराच राहतील! शिवाय खजिना आटलाय, तेव्हा विक्री तिप्पट झाली पाहिजे. आणि हो, रथ मात्र दुर्मीळच हवेत! गल्लोगल्ली दिसायला लागले तर सरदारांनी मिरवायचं काय?"

प्रधानजी खाकरले. "महाराज, दोन घोडे खरे जुंपू, दहा लाकडाचे. आत ढोलवाला बसवू. आवाज तोच!"

"आणि खिंकाळणार कोण? तुम्ही?"

प्रधानजी खाली बसले. मग राजाची नजर गेली रखमाजी सुतारावर. चाळीस वर्षं रथ घडवणारा हा मुख्य कारागीर बिचारा खांबाआड उभा होता.

"रखमाजी, रथ तू बनवतोस, तोडही तूच काढ! आठ दिवस देतो. खंडेनवमीला पूजेला येईन तेव्हा उत्तर हवं. नाहीतर हत्यारं जमा कर आणि नगर सोड!"

रखमाजीला घास गोड लागेना. आठव्या दिवशी सकाळी तो लाकूड तासायचा आपला वाकस पुसत बसला आणि पुसता पुसता रडायला लागला. त्याची मुलगी येसू चाकांना आरे बसवायचं काम करी. ती म्हणाली, "आबा, रडताय कशाला? वाकस गंजेल! महाराज आले की मला बोलू द्या."

राजा आला. पूजेच्या चौरंगावर हत्यारं मांडली होती आणि मधोमध होतं ते जुनं चाक. राजाच्या पणजोबांनी, भीमरायांनी, कारखाना काढला तेव्हा स्वतःच्या हातांनी केलेलं. दरवर्षीप्रमाणे राजाने त्याला हार घातला.

"काय रखमाजी? तोड निघाली?"

"निघाली महाराज," येसू पुढे झाली. "बारा घोड्यांचे दहाच रथ बनवायचे, नेहमीसारखे. आणि त्यांच्या जोडीला पन्नास हातगाड्या!"

"हातगाड्या?"

"होय. राजमुद्रा मारून! हातगाडीला घोडा नाही. म्हणजे घोडे एकशेवीस, वाहनं साठ. सरासरी दोन! आणि ज्याला रथ हवा त्याने आधी पाच हातगाड्या घ्यायच्या. तरच यादीत नाव. विक्री सहापट, रथ तेवढेच!"

प्रधानजी बोटांवर हिशेब करू लागले. राजा मात्र लालबुंद झाला. "माझी राजमुद्रा भाजीच्या गाडीवर? पोरी, ही मुद्रा पणजोबांच्या पहिल्या रथावर उमटलेली! हे बघ त्याच रथाचं चाक!"

"महाराज, जरा या चाकाशेजारी उभे राहता?"

राजा उभा राहिला. चाक त्याच्या गुडघ्याला लागलं.

"गर्जनरथाचं चाक माझ्या डोक्याच्या वर जातं," येसू म्हणाली. "या चाकावर रथ बसवला तर सरदारांचं बूड जमिनीला घासेल! दरवर्षी हे चाक मीच धुते. हातगाडीचं चाक आहे हे. आणि मधल्या तुंब्यावर, जिथे आरे बसतात तिथे, बघा काय कोरलंय."

राजाने हार बाजूला सारला. राजमुद्रा! भीमरायांची, झिजलेली, पण स्पष्ट. इतकी वर्षं हाराखाली झाकलेली.

"म्हणजे आमचे पणजोबा..." राजाने मुद्रेवरून बोट फिरवलं.

"हातगाड्या बनवत महाराज! घोडे मागून आले. परंपराच पाळायची तर पुरती पाळू या!"

राजाने हार पुन्हा चाकाला घातला, पण मुद्रा उघडी ठेवून. मग हळूच म्हणाला, "बनवा."

वर्ष उलटलं. सरदारांनी हातगाड्यांसाठी एकमेकांच्या पगड्या ओढल्या. एकजण तर सहावी मिळेना म्हणून रुसून बसला. मिळालेल्या गाड्या त्यांनी आपापल्या माळ्यांना दिल्या, आणि बाजारात मुळे-वांगी राजमुद्रेच्या गाड्यांवरून ऐटीत फिरू लागली.

बादशहाचा तपासनीस आला. त्याने घोडे मोजले, वाहनं मोजली, भागाकार केला. पुन्हा केला. फर्मान उलटंसुलटं करून वाचलं.

"सरासरी दोन! पण हातगाडीला घोडा कुठाय?"

"म्हणून तर गवत लागत नाही, साहेब!" येसू म्हणाली.

तपासनीस शिक्का मारून निमूट गेला. राजा मांडीवर थाप मारत म्हणाला, "शाब्बास! येसू, आता मलाही एक हातगाडी हवी. पणजोबांची आठवण म्हणून. आजच्या आज!"

येसूने यादी उघडली. "नाव लिहून घेते महाराज. पण दोन वर्षं थांबावं लागेल."

"मला? राजाला?"

"आता तुम्हाला आज दिली, तर सरदारांनी मिरवायचं काय?"

राजा असा हसला की मुकुट कानावर आला! हसता हसताच त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं, कारखान्याच्या किल्ल्या तिच्या स्वाधीन केल्या, रखमाजीचा वाकस चांदीने मढवायला सांगितला. आणि मग यादीत सगळ्यात खाली, एकविसाव्या ओळीवर, स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं.