डाव्या बुटातली माती

“आणि पहिल्यांदा कुठे पडली?”

“चिलीत, प्रोफे. पहिल्याच क्लबात. मॅच संपली, बूट काढले, डावा उलटा केला... मूठभर माती.”

“मैदानात पळणाऱ्याच्या बुटातून काय मोती पडणार?”

“तांबडी होती. तिथली माती राखाडी आहे. सिमेंटसारखी.”

म्हाताऱ्या इलारिओने शिंगाच्या पेल्यात पाला दाबून भरला, वरून गार पाणी ओतलं आणि पेला दार्दोपुढे धरला. पाराग्वायमध्ये पाहुण्याला हाच चहा, हेच सरबत. नाव तेरेरे. एकच पेला, आळीपाळीने.

दार्दोने तो नळीने एका दमात ओढला. “आभारी आहे,” म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली आणि पेला परत घेतला.

दुपारचे दोन वाजून गेले होते. पाराना नदीच्या काठावरचं पुएर्तो सेइबो हे गाव दारं-खिडक्या लावून झोपलं होतं. या वेळेला तिथे कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. जागे होते ते दोघंच, मैदानाच्या फाटकापाशी, संत्र्याच्या झाडाखाली.

प्रोफे म्हणजे शिकवणारा. इलारिओने ऐंशी ओलांडली होती. गावातल्या तीन पिढ्यांना बॉल कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे त्याने शिकवलं होतं, आणि मैदानही तोच राखत होता. समोर बसलेला दार्दो बारेइरो हा त्याचा सगळ्यांत नाव काढलेला शिष्य. डावा विंगर. वय छत्तीस. एकोणीस वर्षांत नऊ देश, चौदा क्लब. प्रत्येक देशाने त्याचं आडनाव वेगळं उच्चारलं, आणि तो प्रत्येकाला ओ देत गेला.

“पुढे बोल.”

“पुढे पोर्तुगाल. तिथेही तेच. दर मॅचनंतर, डाव्या बुटातून. उजवा कोरडा ठणठणीत. मग जपान. तिथे प्लॅस्टिकच्या हिरवळीवर खेळायचो. मैदानात मातीच नाही, प्रोफे! खाली रबर, वर प्लॅस्टिक. तरी पडली. सगळे मला कुंभार म्हणायला लागले.”

म्हाताऱ्याच्या गालावर एक सुरकुती हलली.

“हसू नका. मग गोव्यात एक मोसम काढला, भारतात. तिथली माती आपल्यासारखीच तांबडी. वाटलं, सुटलो. पण ती पडतच होती. तिथे फक्त ओळखू आली नाही.”

“आणि काय करायचास तिचं?”

“करणार काय? कचऱ्याच्या डब्यात.”

इलारिओचा पेला ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

“सगळी?”

“सगळी.”

नदीवरून वारा यायचा थांबला. झाडातली किरकिर एकदम बंद झाली, आणि ती शांतता दोघांनाही ऐकू आली.

दार्दोने घड्याळात बघितलं.

“हे बघा प्रोफे, माझी तीनची बस आहे. राजधानीत एजंट बसलाय, उद्या सकाळी सही. पंधरावा क्लब. एकच वर्ष, शेवटचं. पण डावा पाय असा जड झालाय... पळताना वाटतं, कुणीतरी बुटाला लोंबकळतंय. डॉक्टरांनी तीनदा फोटो काढले. म्हणतात, पाय उत्तम आहे. असा जड पाय घेऊन गेलो तर पहिल्याच महिन्यात हाकलतील. आणि बॉल सोडला तर मला काय येतं? काही येत नाही.”

“म्हणून आलास.”

“म्हणून आलो. माती इथली आहे. तुमच्याकडे काहीतरी तोडगा असेल. असेल तर सांगा, नसेल तर तसं सांगा.”

घसा कोरडा पडला होता. त्याने पेल्यासाठी हात पुढे केला.

म्हाताऱ्याने पेला भरला आणि स्वतःच पिऊन टाकला.

“मला?”

“तू आभार मानलेस.”

दार्दोचा हात तसाच राहिला. इथे पेला परत देताना आभार मानले की ‘आता पुरे’ असा अर्थ होतो. हे त्याला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक होतं. नऊ देशांत उठता-बसता आभार मानून तो हे विसरला होता.

“मातीच येते अजून?” इलारिओने विचारलं.

“नाही. दहाएक वर्षं माती. मग युक्रेनमध्ये वाळू यायला लागली.”

“जाड की बारीक?”

“बारीक. पांढुरकी.”

“मग?”

“मेक्सिकोत खडी. काळी, धार असलेली. अंगठ्याचं नख गेलं तिच्यापायी.”

“मग?”

दार्दोने आजूबाजूला बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला,

“तीन आठवड्यांपूर्वी... पाणी.”

“घाम असेल.”

“वाळवंटातलं शहर होतं, प्रोफे. बूट काठोकाठ भरलेला. गार. आणि त्याला...”

“वास होता.”

“हो.”

“शेवाळाचा. थोडा माशाचा.”

दार्दोने मान वर केली. म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता, मैदानाकडे बघत होता.

“आधी माती, मग वाळू, मग खडी, मग नदी,” म्हातारा स्वतःशीच म्हणाला. “बरोबर. आम्ही उलट्या क्रमाने घातली होती.”

त्याचं म्हणणं दार्दोला उमगायला वेळ लागला नाही. गावातल्या कुणालाच लागला नसता. इथे मैदान नव्हतंच कधी. खडकात नदीची एक खोल खाच होती. गावाला फुटबॉल खेळायचा होता आणि सपाट जागा सगळी जमीनदारांची. तेव्हा लोकांनी चार वर्षं टोपल्या वाहिल्या. बायकांनी डोक्यावर, पुरुषांनी खांद्यावर. तळाला खडी, वर वाळू, वर टेकडीची तांबडी माती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मजुरी दिली नव्हती. त्या टोपल्या वाहणाऱ्यांपैकी आता इलारिओ एकटाच उरला होता.

आणि म्हणून फाटकापाशी तो दगड होता. गुडघ्याएवढा, वरून झिजून बशीसारखा झालेला. खेळून बाहेर पडणाऱ्याने बूट काढायचे, दगडावर उलटे आपटायचे, आतली माती आतच ठेवायची. नदी नेते तेवढी पुरे, तुम्ही नेऊ नका. पाद्रीबाबासुद्धा झटकून जायचे. पाहुण्या टीमची पोरं आधी फिदीफिदी हसायची, मग इलारिओचं तोंड बघून गुमान आपटायची.

“तू गेलास त्या दिवशी,” इलारिओ म्हणाला, “बूट झटकलेस?”

“प्रोफे, ते...”

“झटकलेस?”

नव्हते झटकले. मॅच अर्ध्यावर होती. बाहेर एजंटची जीप सुरूच होती, आणि एजंट हॉर्नवर हात ठेवून बसला होता. सतरा वर्षांचा दार्दो बुटांसकट धावत जाऊन जीपमध्ये चढला होता. मागून इलारिओ ओरडत आला होता, “झटक! अरे, झटक आधी!”

आणि चालत्या जीपमधून दार्दो हसत म्हणाला होता, “चिमूटभर मातीने मैदान बुडतं काय, म्हाताऱ्या?”

“पोर होतो मी,” तो आता म्हणाला.

“पळण्यात कुणाला ऐकत नव्हतास,” इलारिओ म्हणाला. “उठ.”

दोघं रेषेपाशी आले. चुन्याची रेषा ताजी होती, सुतासारखी सरळ. उजवी बाजू बुटांनी उखडलेली, टक्कल पडलेली. डावी बाजू मात्र हिरवीगार. एक पातं मोडलेलं नाही.

“किती छान राखलंय!” दार्दोच्या तोंडून निघालं. त्याने पाय उचलला.

म्हाताऱ्याने काठी आडवी धरली.

मग वाकून त्याने खाली पडलेलं एक संत्रं उचललं आणि डाव्या बाजूला हलकेच सोडलं.

संत्रं घरंगळत गेलं. जणू दार्दोच निघाला होता, रेषेला चिकटून, कॉर्नरच्या झेंड्याकडे. अर्ध्या वाटेवर ते थांबलं. गवत जरासं खाली दबलं, बाजूला झालं, संत्रं आत गेलं, आणि गवत पुन्हा मिटलं.

काही आवाज नाही.

दार्दो श्वास रोखून उभा राहिला. एक, दोन, तीन, चार...

खूप खालून, डबक्यात काही पडावं तसा आवाज आला.

“एकोणीस वर्षं मी भरतोय,” इलारिओ म्हणाला. “दर सोमवारी टेकडीवरून माती आणतो. शनिवारपर्यंत टिकते. रविवारी तू कुठेतरी खेळलास की गेलेली असते. आपली टीम आता उजवीकडूनच खेळते. डाव्या पायाची पोरं येतात, त्यांना मी परत पाठवतो.”

“मला काय माहीत...” दार्दो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण सतरा वर्षांचा वाटला. “गावाचं नाव केलं मी, प्रोफे. चौदा जर्सी आणल्यात बॅगेत. क्लबच्या खोलीत लावायला.”

“लाव. भिंत उजवीकडची आहे, टिकेल.”

“काय करू मी?”

“जे राहिलं ते.”

म्हातारा फाटकाकडे वळला. दगडाजवळ एक टोपली पडली होती, वेताची, जुनी, कडा चामड्याने बांधलेली. ती त्याने दगडाला टेकवून ठेवली.

दार्दोने पायाकडे बघितलं. शहरी कातडी बूट, परवाच घेतलेले. या मैदानात त्यांचं पाऊलही पडलेलं नव्हतं.

“यांत काय असणार?”

म्हाताऱ्याने काठीने दगड दाखवला.

दार्दोने डावा बूट काढला. त्याला स्वतःचंच हसू आलं, थोडी लाजही वाटली. गुडघा टेकला आणि बूट दगडावर उलटा आपटला.

मूठभर माती पडली.

राखाडी. सिमेंटसारखी.

त्याचं हसू तिथेच विरलं. त्याने माती बोटांत घेतली. ती त्याला ओळखू आली. पहिल्या वर्षीच्या थंडीची, पहाडाखालच्या त्या मैदानाची, जिथे त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं आणि तो रात्री उशीत तोंड खुपसून पडायचा.

त्याने पुन्हा आपटला. पुन्हा मूठभर. पुन्हा. बूट आतून रिकामा दिसत होता; उलटा केला की भरलेला असायचा. टोपलीचा तळ झाकला गेला. मग अर्धी झाली. मग शीग लागली.

इलारिओने टोपली खांद्यावर घेतली. त्याचे पाय लटपटत होते. दार्दो उठायला गेला, तर म्हाताऱ्याने हातानेच बस म्हटलं. तो रेषेपर्यंत गेला, रेषा ओलांडली, आणि जिथे संत्रं बुडालं होतं तिथे टोपली उपडी केली.

मग त्या मातीवर तो स्वतः उभा राहिला.

दार्दो धडपडत उठला.

म्हातारा उभाच होता. गवत दबलं नाही. राखाडी मातीवर त्याची दोन अनवाणी पावलं, आणि भोवताली हिरवंगार.

तेवढ्यात चौकात बसचा हॉर्न वाजला. खिशात फोन थरथरायला लागला. एजंट. दार्दोने एकदा बसकडे बघितलं, एकदा मैदानाकडे, आणि घाईघाईने डावा बूट पायात घालायला घेतला.

पाय आत जाईना.

बूट राखाडी मातीने काठोकाठ भरला होता.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. फोन थरथरून थरथरून गप्प झाला. बस निघाली, तिचा धुरळा फाटकावरून गेला आणि खाली बसला. दार्दो दगडाशेजारी जमिनीवर बसला. बूट त्याच्या हातात होता, जड.

इलारिओ रिकामी टोपली घेऊन परत आला. ती त्याने दगडाला टेकवली. मग शिंगाचा पेला भरला, दार्दोच्या हातात दिला, आणि समोर बसून वाट बघू लागला.

दार्दोने पेला रिकामा करून परत दिला. काही बोलला नाही.

म्हाताऱ्याने तो पुन्हा भरला.

“बाकीचे देश कधी येतील, प्रोफे?”

इलारिओने टोपलीच्या कडेला चिकटलेली राखाडी माती बोटावर घेऊन निरखली.

“झटक, पोरा... अजून चिलीच चाललंय.”