घोरपडीने सोडलेला दगड

सागाच्या एका मोठ्या जंगलात एक घोरपड राहत असे. घोरपडीची पकड कशी असते, हे काय तुम्हाला सांगायला हवं? एकदा तिने नखं रोवली की चौघांनी ओढलं तरी ती जागची हलायची नाही. या घोरपडीने नखं रोवली होती ती एका दगडावर, आणि तो दगड काही साधासुधा नव्हता. सभेतला सगळ्यात उंच दगड होता तो! पळस फुलला की जनावरं आपापले प्रतिनिधी निवडत, आणि पुन्हा पळस फुलेपर्यंत ते प्रतिनिधी जंगलाचा कारभार पाहत. सभा भरायची उघड्या कातळावर. प्रत्येकाला बसायला एकेक दगड, आणि नियम असा की जो दगडावर बसला असेल त्यानेच बोलायचं. उभ्याने कोणी तोंड उघडलं तर बाकीच्यांनी कान पाडून घ्यायचे, ऐकायचंच नाही. पूर्वी सगळे एकदमच ओरडत, म्हणून हा नियम केला होता. त्या वर्षी सभेची अध्यक्ष म्हणून घोरपड निवडून आली होती. या मानाची वाट तिने जन्मभर पाहिली होती, त्यामुळे ऊन असो, वारा असो, बाई दगडावरून उतरायला तयार नसत.

पण मुलांनो, हे जंगल अर्धंच होतं बरं का! मोहाच्या झाडांवरून वाडवडिलांचं भांडण झालं, आणि रागाच्या भरात त्यांनी जंगलाच्या मधोमध निवडुंगाचं कुंपण लावलं. ते असं माजलं की पलीकडचा आवाजसुद्धा नीट ऐकू येईना. पलीकडे एका बिबट्याचा दरारा होता. सभा तिथेही होती, पण बिबट्या म्हणेल त्याला मान डोलवायची, एवढंच तिचं काम. त्या वर्षी बिबट्या म्हातारा होऊन डोंगरापलीकडे निघून गेला, आणि पलीकडच्यांनी पहिल्यांदाच आपल्या मनाने सभा निवडली. या सभेची प्रमुख होती एक साळू, म्हणजे ते काटेवालं साळिंदर हो! तिने पहिलाच ठराव मांडला, "कुंपण पाडायचं." मग काय विचारता! पलीकडून साळूच्या भाईबंदांनी मुळं कुरतडली, अलीकडून रानडुकरांनी धडका दिल्या, आणि निवडुंग धडाधड कोसळला. अलीकडच्या हरणांना पलीकडच्या मावश्या भेटल्या. मोर नाचले, ससे रडले, आणि अंगातले काटे काढून कुठेही फेकल्याबद्दल रानडुकरांनी दोन्हीकडच्या माकडांच्या शिव्या खाल्ल्या.

साळू आपल्या सगळ्या प्रतिनिधींना घेऊन कातळावर आली आणि हात जोडून म्हणाली, "घोरपडबाई, आम्ही आमची सभा मोडून आलो आहोत. आता दोन सभा कशाला? आम्हाला तुमच्यात घ्या."

घोरपड चकित झाली. पहिल्यांदा मिळालेली सभा, आणि ती यांनी आपल्या हाताने मोडली? हिला वेड तर लागलं नाही ना? ती घसा खाकरून म्हणाली, "आनंद आहे, साळूबाई. पण दगड मोजकेच, आणि ते भरलेले. आमची मुदत चालू आहे. पळस फुलू द्या, मग बघू. तोवर उभ्याने ऐका."

झालं! पलीकडचे सगळे कातळाच्या कडेला उभे राहिले, आणि सभेत काथ्याकूट सुरू झाला. नव्यांचे दगड कुठे मांडायचे? आपल्यापुढे की मागे? कोल्हा म्हणे, "माझ्या शेजारी नको." माकड म्हणे, "माझ्यापेक्षा उंच नको." आणि पडलेल्या निवडुंगाचं काय? तर अलीकडे पडला तो अलीकडच्यांनी उचलायचा, पलीकडे पडला तो पलीकडच्यांनी, आणि नेमका मधे पडलेल्यासाठी वेगळी समिती. साळू रोज उभ्याने काहीतरी सांगू बघायची. ती बोलायला लागली की सभेतले सगळे कान पटापट पडायचे. बिचारी पुन्हा कडेला जाऊन उभी राहायची. वैशाख तापला तरी निवडुंगाचा एक तुकडासुद्धा कोणी हलवला नाही.

एके दिवशी सभा उठल्यावर घोरपडीला राहवेना. ही साळू रोज एवढं काय सांगू बघते? ती दगडावरून उतरली, साळूला गाठलं आणि म्हणाली, "सांगा, इथे सभा नाही, मी ऐकते."

साळूने तिला कुंपणाच्या जागी नेलं. घोरपड बघते तर काय! ज्याला सगळे मेलेला समजत होते, तो निवडुंग जिवंत होता. जिथे जिथे तुकडा पडला होता, तिथे तिथे त्याने खालून बारीक पांढरी मुळं सोडली होती. काहींना तर हिरवे कोंबही आले होते.

"निवडुंगाचं असंच असतं, बाई," साळू म्हणाली. "तोडला की मरत नाही, पसरतो. पूर्वी एक रांग होती, पाऊस पडला की दहा होतील. माती नसेल अशाच जागी टाकला तर तो सुकतो. आणि एवढी मोठी, बिनमातीची, तापलेली जागा सगळ्या जंगलात एकच आहे."

घोरपडीला ती जागा चटकन कळली. तो त्यांचा सभेचा कातळ होता. म्हणजे सगळे दगड तिथून हलवायचे. कातळ गेला की सभा मोडणार, मग उंच दगड नाही, अध्यक्ष नाही! तिला भारी वाईट वाटलं. पण पलीकडून एक हरणाचं पाडस मोकळ्या जागेतून उड्या मारत मावशीकडे येत होतं, आणि त्याच्या पायाजवळच असा एक हिरवा कोंब होता. तो बघून घोरपडीला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. घोरपड दगडापाशी गेली, पण चढलीच नाही. खाली उभी राहून ती म्हणाली, "मंडळी, ही सभा आज संपवू या. कातळ रिकामा करायचा आहे."

पण नियम म्हणजे नियम! सगळ्यांनी कान पाडले. अध्यक्षच उभ्याने बोलतेय, आता हिचं ऐकायचं तरी कसं? घोरपड तरी काय करणार? तिने तो उंच दगड खांद्याने ढकलायला सुरुवात केली. दगड हलेना. तिने नखं रोवून पुन्हा जोर लावला. तेवढ्यात साळू धावली आणि तिच्या शेजारी उभी राहून ढकलू लागली. एका सशाने हळूच एक कान वर केला. "काय म्हणालात, बाई? परत सांगा." मग दुसरा कान उठला, तिसरा उठला, आणि बघता बघता सगळे दगडांवरून खाली उतरले.

पाऊस येण्याआधी दोन्हीकडच्यांनी मिळून निवडुंगाचा तुकडा न् तुकडा कातळावर आणून टाकला. अलीकडचा कुठला आणि पलीकडचा कुठला, हे विचारायला कोणाला वेळच नव्हता. तिथे तो सुकून काडी झाला. पावसानंतर कुंपणाच्या जागी नुसतं लुसलुशीत गवत उगवलं, आणि सभेचे दगड आता त्याच गवतावर, गोल मांडले होते.

पुन्हा पळस फुलला. साऱ्या जंगलाने मिळून नवी सभा निवडली, आणि अध्यक्ष झाली साळू. घोरपडींनी आपल्यातल्या एका तरुण घोरपडीला निवडलं होतं, म्हणून आपली घोरपड बाहेर गवतात उभी राहून ऐकत होती. बोलण्याचा नियम तोच होता. पाणवठ्यावरून वाद पेटला, तशी तिला राहवलं नाही. "अहो, जरा माझं..." ती बोलून गेली आणि चटकन जीभ चावून थांबली. आपण तर उभ्या आहोत!

पण सभेत एकही कान पडला नाही. उलट सगळ्यांचे कान ताठ उभे राहिले, आणि साळू म्हणाली, "बोला बाई, आम्ही ऐकतोय."

तात्पर्य : मिळालेली जागा वेळेवर सोडता आली, तर सगळ्यांना जागा होते, आणि आपला मान जागेबरोबर जात नाही.