धुक्यातला तांबडा दगड

फार जुनी गोष्ट. डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावाचा धुक्याला फार लळा. पहाटे ते नदीवरून उठायचं, गल्लीबोळांतून हिंडायचं, लोकांच्या ओसरीवर पाहुण्यासारखं येऊन बसायचं. समोरून येणारं माणूस आधी ऐकू यायचं, मग दिसायचं.

त्या गावात एक नावाडी होता. कामाला चोख, पण देव म्हटलं की याला हसू. मधल्या धारेत बायका नदीला नारळ वाहायच्या. हा वल्ह्यानं तो अलगद वळवून घ्यायचा आणि पलीकडे पोचल्यावर फोडून सगळ्यांना वाटायचा. "नदीला दात कुठायत खोबरं खायला?" म्हणायचा. बायका त्याला शिव्या घालायच्या आणि खोबरं खायच्या.

नाव बांधायला त्यानं काठावर एक लांबट काळा दगड रोवला होता, निम्मा जमिनीत, निम्मा वर. पण धुक्यात तो दगडच दिसेना. नाव कधी चिखलात रुतायची, कधी खडकावर आपटायची. मग एके दिवशी त्यानं गेरू कालवला आणि दगडाला फासला. लांबून, धुक्याच्या आतून, चुलीतल्या निखाऱ्यासारखा तो दगड दिसायला लागला. नावाड्याचं काम झालं.

आता गंमत बघा. एक बाई पाण्याला आली. पांढऱ्या धुक्यात समोर तांबडं काहीतरी उभं! दचकली, हात जोडले, वेणीतलं फूल काढून ठेवलं. दुसरीनं फूल पाहिलं, तिनं कुंकू लावलं. तिसरीनं कुंकू पाहिलं, तिनं दिवा लावला. मग गड्यांनी वर झावळ्यांचं छप्पर घातलं. आणि एके सकाळी गावच्या पाटलांनी नावाड्याला हटकलं.

"काय रे ए, देवाच्या गळ्यात दोर घालतोस?"

"पाटील, हा माझ्या नावेचा खुंटा आहे."

"होता," पाटील म्हणाले. "सोड तो दोर."

नावाडी पोट धरून हसला. बाकी कुणीच हसलं नाही. मग त्यानं मुकाट्यानं दोर सोडला आणि काठावरच्या बाभळीला बांधला. त्या बाभळीची निम्मी मुळं वाऱ्यावर लोंबत होती.

पुढं डोंगरात पाऊस लागला. नदी गढूळ झाली, मधूनच हुंकारायला लागली. एका दुपारी बाभळ कण्हल्यासारखी वाकली आणि नाव धारेकडे निघाली. नावाड्यानं उडी टाकून, छातीभर पाण्यात उभं राहून ती कशीबशी ओढून आणली. ती नाव गेली असती तर त्याची चूल गेली असती, आणि गावाचा पलीकडचा काठही गेला असता. दुसरी नाव होतीच कुठं?

"बास झालं," तो म्हणाला. "उद्या उजाडायच्या आत या देवाला खरवडून काढतो. दगडाचा दगड करतो."

पहाटे तो खुरपं घेऊन आला. धुकं असं दाट, की हातातलं खुरपं हातातच विरघळल्यासारखं वाटावं. तो दगडाच्या मागं बसला. पहिला हात मारणार, तेवढ्यात पुढून आवाज आला.

"देवा, पोराला नाही नाही ते बोललो. पलीकडे मामाकडे निघून गेला. घरातून पलीकडचा काठ दिसतो रे रोज. जायला पाय उचलत नाही. घरात कुणापाशी बोलू? पाटील रडतो म्हणतील." उपरण्यात नाक शिंकरल्याचा आवाज झाला आणि जड वहाणा लांब गेल्या.

नावाड्यानं हात खाली घेतला. खुरपं उचलावं, तर बांगड्या किणकिणल्या. गावात नवीनच नांदायला आलेली पोर ती.

"आज पण भाकरी फुगली नाही. कुणी काही बोललं नाही. नुसतं बघितलं. आमच्या घरी चूल उजव्या हाताला होती... तेवढंच सांगायचं होतं."

ती गेली आणि काठी टेकत एक म्हातारी आली. ही टोपल्या विणायची आणि बाजाराला नावेनं पलीकडे जायची. खाली बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "अहो, ऐकलंत का? काल पिठलं केलं. तुम्हाला आवडायचं तसं, झणझणीत. एकटीनं खाल्लं. बरं झालं होतं हो."

तिचा नवरा कधीचाच गेला होता. नावाड्याला राहवलं नाही. तो दगडाच्या मागून उठला.

"आजी, कुणाशी बोलता? हा दगड मी रोवलाय. हा रंग मी फासलाय. गेरू आहे हा, शेंदूरसुद्धा नाही!"

म्हातारी दचकली नाही की काही नाही. "ठाऊक आहे की. मी तेव्हा तिथंच भांडी घासत होते. तुझ्या नाकालाही लागला होता."

"मग तरी इथं येता?"

"बोलायला कुणीतरी लागतं रे बाबा. सून कामात असते. शेजारीण बहिरी झाली. तुझ्या नावेत बसते, तर तू म्हणतोस, 'आजी, पटकन चढा, आजी, पटकन उतरा.' हा एवढाच मेला 'पटकन' म्हणत नाही."

खाली नदी गुरगुरत होती. नावाड्यानं खुरपं बाजूला ठेवलं.

"आजी, नाव वाहून जाईल. याला दोर बांधू का?"

"बांध की. देव असेल तर धरून ठेवील, आणि दगड असेल तर धरणं हेच त्याचं काम." असं म्हणून तिनं दगडावरचा हार दोन्ही हातांनी वर उचलून धरला. नावाड्यानं खालून दोर बांधला आणि म्हातारीनं हार परत जागच्या जागी ठेवला.

धुकं विरळ झालं तसा गाव जमला आणि एकच गिल्ला उठला. पाटील तर लाल झाले.

"देव न मानणाऱ्याला आमच्या मनातलं काय कळणार? काढ तो दोर, नाहीतर कापून टाकीन!"

नावाड्याच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. एक शब्द बोलला असता, तर पाटील मान खाली घालून घरी गेले असते. त्यानं पाटलांच्या उपरण्याचा ओला कोपरा पाहिला. गर्दीच्या मागं ती नवी पोर पदर चावत उभी होती. नावाडी पाटलांकडे वळला.

"पाटील, मी देव मानत नाही ते नाहीच. पण पाणी चढतंय. नाव राहिली तर पलीकडचा काठ राहील. पलीकडे कुणाचं ना कुणाचं माणूस असतंच."

पाटील त्याच्याकडे बघत राहिले. मग पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. शेवटी खाली वाकले आणि त्यांनीच दोराचं टोक हातात घेतलं.

"एका गाठीनं काय होतंय? दुसरी मार."

त्या दुपारी पूर आला. बाभळ मुळासकट गेली, झावळ्यांचं छप्पर गेलं, फुलं गेली, दिवे गेले. दगड तेवढा राहिला आणि दगडाला धरून नाव राहिली.

पाणी ओसरल्यावर पहिल्या फेरीला पाटील एकटेच आले. नावाड्यानं नाव सोडली आणि वल्हं हळू मारायला लागला. धुक्यात पाणी कुठं संपतंय आणि आभाळ कुठं सुरू होतंय कळत नव्हतं.

"पलीकडे कोण आहे, पाटील?" त्यानं विचारलं.

पाटील बोलायला लागले ते नाव काठाला टेकली तरी बोलतच होते. नावाडी 'उतरा' म्हणाला नाही. येताना नावेत दोघं होते, बाप आणि लेक, एकमेकांकडे न बघता अगदी चिकटून बसलेले.

तेव्हापासून त्या नावेला पलीकडे पोचायला फार वेळ लागायचा. बाजाराला उशीर व्हायचा, पण कुणी कुरकुर करायचं नाही. दगडापुढची फुलं थोडी कमी झाली. दगडाला त्याचा राग आला नाही.

नावाड्यानं हात काही जोडले नाहीत, अगदी शेवटपर्यंत. पण रंग फिका पडला की तो स्वतः गेरू कालवायचा आणि दगडाला नीट, सगळीकडून फासायचा.

"धुक्यात दिसावा म्हणून," तो म्हणायचा.

"हो तर," म्हातारी म्हणायची. "नाक पूस आधी."

तात्पर्य विचाराल तर एवढंच: ज्याचं ऐकायला माणूस नसतं, तो दगडापाशी जाऊन बोलतो. त्याचा दगड खरवडायला निघण्याआधी, आपण कधी त्याच्याजवळ बसलो होतो का, हे आठवून पाहावं.