सात हात शिंगं

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर खुशाल माझ्या मिशा उतरवा. मला मिशा नाहीत, हा भाग वेगळा.

फार जुन्या काळी, लांडगेसुद्धा तोंडावर बोलत तेव्हा, एका डोंगरी राज्यात नांगर चालत नसे. सगळा खडक. माणसं गुरं पाळत आणि हिवाळाभर त्यांचंच वाळवलेलं मांस खाऊन जगत.

तिथल्या राजाला लांब शिंगांचा भारी नाद. दर वर्षी जत्रेत तो शिंगं मोजायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्याचा बैल सरस, त्याला नदीकाठचं हिरवं कुरण.

म्हाकू नावाच्या गुराख्याला ते कुरण हवं होतं. त्याचं माळरान करपत चाललं होतं. त्यानं एकच नियम धरला. सगळ्यांत लांब शिंगांचा वळू तेवढा गाईंवर सोडायचा, आखूड शिंगांची गुरं कापायची. दर पिढीला शिंग वीतभर वाढलं.

शेवटी आखूड शिंगांची एकटी ढवळी उरली.

म्हाकूची बायको भिवरा म्हणाली, "हिला तरी ठेवा. लांडगे आले की हीच आधी हंबरते. मग सगळ्या गाई खांद्याला खांदा लावून वासरांभोवती कडं करतात."

"हिची शिंगं बघ. शेळीला शोभतील. ही व्याली की पुन्हा तसलंच वासरू. माझी पंधरा वर्षं मातीत."

"बरं. हिवाळ्यात शिंगं उकडून वाढते तुम्हाला."

म्हाकू हसला आणि सुरीला धार लावू लागला.

तेव्हा ढवळी म्हणाली, "धनी, शिंगं मोजलीत. दोन गाईंमधली जागा मोजलीत का?"

म्हाकूनं सुरी चालवली.

त्या वर्षी त्याच्या बैलाची शिंगं सात हात भरली. एका टोकावरच्या कावळ्याला दुसऱ्या टोकावरचा कावळा ओळखू येईना. राजानं कुरण दिलं. म्हाकूनं कळप नदीकाठी नेला.

एका दुपारी लांडगे आले. गाईंनी वासरं मध्ये घेतली, तोंडं बाहेर केली आणि एकमेकींकडे सरकल्या. शिंगांवर शिंगं आपटली. खांदे काही भिडेनात. दोन-दोन गाईंमध्ये बैलगाडी जाईल एवढी फट राहिली.

लांडगे पळालेसुद्धा नाहीत. चालत आत गेले.

"इथं पूर्वी भिंत होती," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला.

त्या साली एकही वासरू वाचलं नाही. पुढच्या सालीही नाही. मोठी गुरं दोन हिवाळ्यांत खाऊन संपली. कुरणातलं गवत कमरेएवढं वाढलं आणि उभ्या-उभ्या वाळलं.

तिसऱ्या हिवाळ्यात भिवरानं चुलीवर हंडा चढवला आणि त्यात शिंगाचा तुकडा टाकला. आता ती टोमणा मारेल म्हणून म्हाकू वाट पाहत बसला. तिनं हंड्यावर झाकण ठेवलं.

तात्पर्य: मापात भरतं तेवढंच वाढवणारा, राखणारं गमावून बसतो.

आता कबूल करतो. यातलं एवढंच पदरचं: ढवळी बोलली नव्हती. लांडगे बोलतात, गाय कुठली बोलायला? सुरीला धार लावताना तो प्रश्न म्हाकूच्याच मनात आला होता.