आपोआप

“...तेव्हापासून बाबा हललेच नाहीत, म्हणजे बघ, समाधीच...”

नळावर एवढंच कानी आलं. पुढचं बादलीच्या आवाजात गेलं. मला काही राहवेना. पेजेची वाटी घेतली आणि शेजारच्या मठात शिरले.

केशरगीर बाबांच्या अंगावरून वारं गेलेलं. वाचा तेवढी राहिलेली.

भर दुपार होती. कौलातून एक कवडसा बाबांच्या चादरीवर उतरला होता आणि धुपाचा धूर त्यात सावकाश पोहत होता. बाबा उताणे, डोळे मिटलेले... कुठेतरी लांब गेल्यासारखे.

उशाशी त्यांचा चेला अमरगीर मांडी ठोकून बसलेला.

“हळू, काकू. समाधी आहे.”

“पेज घेतात का?”

“घेतात की.”

“समाधीत?”

तो धुपाकडे बघायला लागला.

“त्यांची कूस कधी बदललीस?”

“हात लावला तर समाधी मोडेल. मीसुद्धा सकाळपासून हललो नाही, काकू. चेला कुणाचा आहे.”

असं म्हणता म्हणता त्याने मांडीखालचा पाय सोडवला.

“अमर...” बाबांनी डोळे उघडले नाहीत. “आत्ता का हललास?”

“मुंग्या आल्या, बाबा.”

“हल म्हणून कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. आपोआप...”

धूर कवडशाबाहेर गेला.

“माझं ते आपोआप गेलं, बाळा.”

अमरगीर उठला. आम्ही दोघांनी बाबांना कुशीवर घेतलं. माकडहाडावर लाल डाग. मी बोट दाबून उचललं. जागा क्षणभर पांढरी पडायला हवी होती. लालच राहिली. माझ्या सासूबाईंची जखम अशीच सुरू झाली होती. इथे कातडी अजून शाबूत होती, एवढंच.

अमरगीर तेलाची बाटली घेऊन आला.

“चोळू नकोस रे. त्या जागेवरचं ओझं काढ नुसतं.”

त्याने पाठीशी उशी लावली. स्वतःची कफनी घडी करून बाबांच्या गुडघ्यांमध्ये ठेवली.

“परत कधी वळवू, बाबा?”

“तुला मुंग्या येतील ना... तेव्हा.”

कवडसा सरकत सरकत भिंतीवर चढला. मी वाटी घेऊन उठले, पण पाय निघेना. नळावर काय सांगायचं?

“बाबा, समाधी खरंच होती का हो?”

बाबांचे डोळे मिटलेलेच. वाटलं, झोपले.

“होती... तेवढी एक जागा सोडून.”